उजवा कौल

सडेगोठणच्या लोकांनी प्रकल्पाच्या गाडीवर दगड मारला नाही. त्यांनी फक्त वाट सांगितली नाही. तिठ्यावर बसलेल्या माणसांना चालकाने रवळनाथाच्या देवळाची वाट विचारली, तेव्हा एकाने समुद्राकडे हात केला, दुसऱ्याने डोंगराकडे, आणि तिसरा म्हणाला की मागे बसलेल्या बाईंना सगळं ठाऊक आहे, त्यांनाच विचारा.

मागे समिधा बसली होती, प्रकल्पाची हवामानतज्ज्ञ. देवळाला लागून असलेल्या घरात तिचा जन्म झाला होता. वडील देवळाचे गुरव होते, आता तिचा थोरला भाऊ सिद्धेश गुरव होता. तिने चालकाला डावीकडे वळायला सांगितलं. तिठ्यावरची माणसं हसली.

सभामंडपात प्रकल्पाचे प्रमुख निरंजन दाते यांना खुर्ची मिळाली. समिधा खांबाला टेकून उभी राहिली. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणला, तेव्हा गावकार विलास परब म्हणाले, "सायबांका द्या. बाईंका नको. त्यांका हयचा पाणी सोसुचा नाय." गावकार म्हणजे गावातला पहिला शब्द ज्यांचा, ते. त्यामुळे दुसऱ्या कोणी तांब्या पुढे केला नाही. सिद्धेश गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून फुलं निवडत होता. त्याने मान वर केली नाही.

दात्यांनी बोलायला सुरुवात केली. ते चांगलं बोलत, आणि जे बोलत ते बरंचसं खरं असे.

ऊन सगळीकडे सारखं पडत नाही, यातूनच पृथ्वीवरचा सगळा वारा जन्मतो. विषुववृत्तावर ते सरळ पडतं. तिथली हवा तापते, पसरते, हलकी होऊन वर जाते, आणि खाली दाब कमी होतो. मग जिथे दाब जास्त आहे तिथली जड हवा त्या जागेकडे धावते. वर गेलेली हवा उंचावरून ध्रुवांच्या दिशेने निघते, वाटेत थंड होते आणि तीस अंश अक्षांशाच्या आसपास पुन्हा खाली उतरते. जिथे ती उतरते तिथे जमिनीवर वारा जवळजवळ नसतो. शिडाच्या जहाजांचे खलाशी त्या पट्ट्याला फार भीत. पृथ्वी फिरते म्हणून हे सगळे वारे तिरपे होतात, पण त्यांना ढकलतो तो दाबातला फरकच. दुपारी किनाऱ्यावर येणारा खारा वारा म्हणजे त्याच खेळाचं घरगुती रूप. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा.

प्रकल्पाने केलं ते एवढंच, की कुठे किती तापायचं हे आपण ठरवायचं. उत्तरेकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या मैलोन् मैल पसरलेल्या उघड्या पठारावर, त्यांनी पातळ पट अंथरले होते. किंचित वीज सोडली की पट काळे होत, काढून घेतली की पांढरे. सकाळी ते काळे केले की दुपारपर्यंत सड्यावरची हवा उकळत्या दुधासारखी वर चढे. तिच्या जागी समुद्रावरची दमट हवा ओढली जाई आणि नेहमीपेक्षा उंच चढून घाट ओलांडे. घाटापलीकडे, पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत, दोन वर्षं विहिरींना पाणी होतं. हे कोणी नाकारत नव्हतं. सडेगोठणचे लोकसुद्धा नाकारत नव्हते. ते फक्त म्हणत होते की पाणी त्यांचं आणि वारा आमचा.

अडचण अशी होती की एकाच बाजूच्या पटांमुळे प्रवाह उत्तरेला कलत होता. तो सरळ घाटाकडे जायचा तर दक्षिणेच्या सड्यावरही पट हवेत. आणि दक्षिणेचा सडा देवाचा होता.

दाते बोलायचे थांबल्यावर विलास परब उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. देवाची जमीन आम्ही देऊ शकत नाही आणि नाकारूही शकत नाही, ते म्हणाले, देवाला विचारा. कौल लावू. उजवा पडला तर पट घाला, डावा पडला तर उत्तरेचेही गुंडाळून न्या.

सभामंडपात खसखस पिकली. सगळ्यांना खात्री होती की देव आपली जमीन परक्याला देणार नाही. दात्यांनी समिधाकडे पाहिलं, आणि ती काही बोलायच्या आत त्यांनी अट मान्य केली. गावाने कुठल्याही रीतीने होकार दिला तरी सरकारला चालणार होता.

सभा उठायच्या आधी एका माणसाचा स्वतःचा कौल बाकी होता. गोठा पूर्वेला बांधू का, एवढाच त्याचा प्रश्न. सिद्धेशने ओल्या पाकळ्या, ज्यांना तिथे कळे म्हणतात, देवाच्या काळ्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. परबांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवापुढे तो प्रश्न मोठ्याने मांडला, आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे एकसुरात म्हणत राहिले, "व्हय म्हाराजा." थोड्या वेळाने देवाच्या उजव्या खांद्यावरचा कळा सुटून खाली पडला. उजवा, म्हणजे होकार. गोठेवाला हात जोडून हसला. शेजारचा म्हणाला, हल्ली देव सगळ्यांना उजवाच देतो, बरा खूश आहे.

समिधाने ते वाक्य ऐकलं आणि गाभाऱ्याच्या भिंतींकडे पाहिलं. देव पूर्वेकडे तोंड करून बसलेला. त्याचा उजवा हात दक्षिणेला. गाभाऱ्याला दोन खिडक्या, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. दक्षिणेच्या जाळीपाशी टांगलेल्या लामणदिव्याच्या धुराची रेघ आत वाकलेली होती.

ती उत्तरेच्या सड्यावर रोज कमी दाब तयार करत होती. दक्षिणेकडून हवा ओढली जात होती, आणि तिच्या वाटेत हे देऊळ होतं.

दाते गाडीकडे गेले तशी ती मागच्या दाराने घरात शिरली. वैदेहीवहिनी चुलीपाशी होती. तिने समिधाला पाहून पाट सरकवला, मग नवऱ्याची चाहूल लागल्यावर तो पुन्हा भिंतीला लावून ठेवला. सिद्धेश आला आणि दारातच उभा राहिला.

समिधाने घाईघाईत सांगितलं. ओल्या पाकळीला दगडाशी धरून ठेवतो तो पाण्याचा पातळ थर. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूचं पाणी आधी सुकतं, कळा आधी सुटतो. उत्तरेचे पट काळे असेपर्यंत दर वेळी उजवाच पडणार. दक्षिणेचा सडा गेला की दोन तापलेल्या सड्यांच्या मधोमध हे गाव सापडेल. दोन्हीकडे हवा वर चढेल आणि इथे ती खाली उतरेल. वारा राहणार नाही. तिने दात्यांना आकडे दाखवले होते. ते म्हणाले होते की तसं झालं तर गावाला वरच्या डोंगरावर घरं बांधून देऊ.

"माका तुझी पुण्याची भाषा नको," सिद्धेश म्हणाला. "काय करूचा ता सांग."

"दोन्ही खिडक्या बंद कर. त्या दिवसापुरत्या. मग जो पडेल तो पडू दे, मी काही म्हणणार नाही."

"म्हणजे आजपावत देव बोलूक नाय. खिडकी बोलली."

"मी तसं म्हटलं नाही."

"मगे तुझ्या वेळचो कौल?"

तिला तो विषय काढायचा नव्हता. मंदार खवळे खाडीपलीकडचा, गाबतांचा, मासेमारांच्या घरातला. त्याच्याशी लग्न करायचं म्हणाली तेव्हा वडिलांनी कौल लावला होता. कळा डावा पडला. ती लग्न करून निघून गेली, आणि वडिलांनी मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही. आजारपणात एकदा ती फाटकापर्यंत आली होती. सिद्धेशनेच तिला परत पाठवलं होतं.

तरी तिने उत्तर दिलं, कारण तिला राग आला होता. "माघ महिना होता, दादा. थंडीत जमीन गार, उत्तरेचा वारा. माघात विचारलं तर डावाच पडणार. तुम्ही पावसाळ्यात विचारलं असतं तर मी याच घरातून वाजत गेले असते."

वहिनीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. सिद्धेश बोलला तेव्हा त्याचा आवाज सभामंडपातल्यासारखा झाला होता, सगळ्यांसाठी काढलेला.

"बाबा तुझा नाव घेयत गेले. मी तुका फाटकातसून परत धाडलंय. ता काय एका खिडकीपायी?" तो पुढे आला. "तसा नाय आसा. देवान सांगल्यान म्हणान केला. खिडकी उघडीच ऱ्हवतली. आणि तू थयसून वाऱ्याक हात लावलंस, तर मी सगळ्यांसमोर सांगान की कौल खोटो."

"गाव जाईल, दादा."

"गाव आमचा. तुझा नाय."

तिने चपला घातल्या. वहिनी तिला सोडायला आली नाही.

कौलाच्या दिवशी समिधा नियंत्रण केंद्रात होती. केंद्र खाडीच्या वरच्या अंगाला टेकडीवर होतं. तिथून गाव दिसत नसे, फक्त उत्तरेचा सडा दिसे, काळा आणि वर थरथरणारा. गावातले लोक त्याला काळो सडो म्हणत. दाते देवळात गेले होते. जाताना त्यांनी काहीही बदलायला सांगितलं नव्हतं, आणि बदलू नका असंही सांगितलं नव्हतं. तशी गरजच नव्हती. रोजचा कार्यक्रम चालू राहिला की पुरे होतं.

पटांची देखभाल करायची असली तर ते काही वेळ पांढरे करण्याचा अधिकार तिच्याकडे होता. धूळ झाडायची, तडा गेलेला पट बदलायचा. कोणी प्रश्न विचारला नसता. पट पांढरे झाले असते, सडा निवला असता, दक्षिणेचा ओढा मंदावला असता, आणि मग दोन्ही खांद्यांवरचे कळे सारख्या हवेत सुकले असते. कदाचित उजवा पडला असता, कदाचित डावा. निदान ते देवावर किंवा नशिबावर राहिलं असतं.

तिने संगणकावर देखभालीचा पडदा उघडला. मग तिला सिद्धेशचा तो मोठा आवाज आठवला. गाव आमचा, तुझा नाय. तिने विचार केला की आपण हात लावला आणि डावा पडला, तर तो म्हणणार की बघा, देवाने आपली जमीन राखली. तिच्या वेळचा डावाही मग देवाचाच ठरणार, कायमचा. तिने पडदा बंद केला. त्याला देवाचा कौल हवा होता ना, मग घेऊ दे.

दुपारी दात्यांचा फोन आला. कळा उजवा पडला होता, आणि फार वेळ लागला नव्हता. परबांनी गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य म्हटलं तेव्हा मागून उत्तर आलंच नाही, त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. दात्यांना या गोष्टीची गंमत वाटली होती. सिद्धेश काय म्हणाला ते समिधाने विचारलं. काही नाही, दाते म्हणाले, पडलेला कळा उचलून त्याने आमच्या हातावर ठेवला. चांगला माणूस आहे.

दक्षिणेचा सडा दिवाळीनंतर काळा होऊ लागला. फाल्गुन संपेस्तोवर पट पूर्ण अंथरून झाले आणि दोन्ही सडे एकदम तापायला लागले. घाटाकडे जाणारा प्रवाह सरळ झाला. हवा अपेक्षेपेक्षाही चांगली वर चढू लागली. पलीकडच्या तालुक्यांतून आभाराचे फोन येत होते, आणि समिधा ते घेत होती.

सडेगोठणला आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. वाळत घातलेले कपडे सुकेनात, एवढंच. मग माडांची झावळं हलायची थांबली. दोन सड्यांवर चढलेली हवा मध्ये गावावर उतरत होती आणि खाडीच्या वाफेवर झाकणासारखी बसत होती. झाकणाखालची वाफ कुठे जाईना. ऊन घाटमाथ्याइतकं कडक नव्हतं, पण अंगावर आलेला घाम अंगावरच राही. घाम सुकला नाही की माणसाचं शरीर निवत नाही. सावलीत बसलेली माणसंही आतून तापत जातात. वैशाखात म्हातारी माणसं दुपारची उठेनाशी झाली. परबांचा थोरला भाऊ खाटेवर बसल्या बसल्या गेला. हातात पंखा होता, विजेवरचे पंखेही चालू होते, पण ते तीच ओली हवा इकडून तिकडे ढकलत होते.

प्रकल्पाने शब्द पाळला. वरच्या डोंगरावर घरं बांधून तयार होती. तिथे झाकण पोचत नव्हतं, वारा होता. उद्या या, दाते म्हणाले, गाड्या पाठवतो. पण गाव आणि देऊळ सोडून जायचं तर देवाला विचारल्यावाचून कोण जाणार? परबांनी कौल लावायचं ठरवलं.

समिधाला हे वहिनीकडून कळलं. वहिनीने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फोन केला होता, आणि बोलता बोलता तिचा श्वास लागत होता. कळे सकाळी लावले. संध्याकाळपर्यंत ते होते तसेच होते. दुसऱ्या दिवशी नवे लावले, तेही तसेच. हवेत इतकं पाणी की दगडावरचं सुकेना, आणि हलवायला झुळूकही नाही. आता गाव रोज देवळात बसतं, कोणी घरी जात नाही, कोणी डोंगरावरही जात नाही. देव रागावला आहे, म्हणून गप्प आहे, असं सगळे म्हणतात. दोन दिवसांपूर्वी एक बाई गाऱ्हाणं चालू असतानाच कोसळली. वहिनी म्हणाली, ह्यांना काही सांगू नका, मी फोन केला ते.

समिधाने दात्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि खरोखर हळहळले. पण पटांचा कार्यक्रम आता तिच्या किंवा त्यांच्या हातचा नव्हता, पलीकडच्या तालुक्यांशी करार झाला होता. दिवसा पट पांढरे करणाऱ्याला त्याच दिवशी खुर्ची सोडावी लागेल, असा नियम होता. आपण गाड्या पाठवू शकतो, दाते म्हणाले, माणसांना उचलून त्यांत बसवू शकत नाही.

मग एका भर दुपारी सिद्धेशचा फोन आला.

मागे गाऱ्हाणं चाललं होतं. परबांचा आवाज घोगरा झाला होता, आणि मागचं "व्हय म्हाराजा" थकून वेगवेगळं येत होतं. वैदेहीला सकाळपासून शुद्ध नाही, त्याने सांगितलं. तिला खांबाशी निजवलं आहे. ती गाडीत बसायला तयार होती, आपणच म्हटलं होतं की कौल पडेपर्यंत थांब. हे सगळं त्याने बातमी सांगावी तसं सांगितलं.

"तुझ्याकडसून वारो येता?" त्याने विचारलं.

"येईल," समिधा म्हणाली. "एक सडा पांढरा केला, एक काळा ठेवला, की गावावरून वाहील. तासभर. त्यानंतर मला इथे कोणी बसू देणार नाही."

"सोड मगे."

"कुठला?"

तिला वाटलं त्याला कळलं नाही, म्हणून तिने समजावून सांगितलं. दक्षिणेचा पांढरा केला तर वारा दक्षिणेकडून येईल, उजवा पडेल, गाव निघेल. उत्तरेचा केला तर डावा पडेल, गाव बसून राहील. मधला वारा नाही. "उजवा हवा की डावा? तुला सांगावं लागेल, दादा. मी ठरवणार नाही."

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यभर त्याने लोकांना देवाचं उत्तर उचलून दिलं होतं.

"उजवो," तो म्हणाला.

तिचा हात पडद्यावर होता. तिला तेवढ्यावर थांबता आलं असतं. वहिनी खांबाशी पडली होती. पण इतकी वर्षं फाटकाबाहेर उभं राहून तिच्यात जे साठलं होतं ते त्या क्षणीही तिच्या आडवं आलं.

"माझ्या वेळी डावा पडला होता," ती म्हणाली. "तो कोणाचा होता, तेवढं सांग. मग सोडते."

"हय माणसां मरतत, समिधा."

"मला ठाऊक आहे. सांग."

गाऱ्हाणं थांबलं होतं. गुरव कोणाशी बोलतो आहे हे बघायला लोक वळले असावेत, कारण फोनमधली शांतता एकदम भरून आल्यासारखी वाटली. परबांनी काहीतरी विचारलं.

"वाऱ्याचो होतो," सिद्धेश म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सगळेच वाऱ्याचे."

समिधाने दक्षिणेचा सडा पांढरा केला.

खिडकीतून तिला उत्तरेचा सडाच दिसत होता, काळा, तसाच थरथरणारा. दक्षिणेचा तिला पडद्यावर बघावा लागला, आणि तिथे तो निवायला वेळ घेत होता. केंद्रात घंटा वाजायला लागली. कोणीतरी जिना चढून येत होतं. तिने फोन ठेवला नव्हता. पलीकडे आता कोणीच गाऱ्हाणं घालत नव्हतं. परब सिद्धेशला ओरडून काही विचारत होते आणि बाकीचे त्यांच्यावर ओरडत होते. मग एका बाईचा आवाज आला, की देवाचं नंतर बघू, आधी हिला उचला. चपलांचे, फरफटणाऱ्या चटयांचे आवाज आले, पोरांना हाका आल्या, आणि कुठेतरी गाडी चालू झाली.

पडद्यावर गावाच्या दाबाचा आकडा हलला. वारा सुटला होता. तो देवळात पोचला तेव्हा कळे पाहायला तिथे सिद्धेशशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्याने उजवा कळा पडताना पाहिला की नाही ते समिधाला कधीच कळलं नाही. फोन त्याने उंबऱ्यावर ठेवून दिला असावा, कारण नंतर बराच वेळ तिला त्यातून फक्त वाऱ्याचा आवाज ऐकू येत राहिला.